बाबा ड्युटीवर आहेत!

हिमालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मनाली, मॅगी आणि माकडटोपी! त्यातून ट्रिप सिक्कीमची असेल तर कार्यक्रम ठरलेलाच. गंगटोकला पोचायचं, एम. जी. मार्गावर मोमो हाणायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ‘तीन पॉइंट’ करायचे. छांगू लेक, नथुला आणि बाबा मंदिर. लेकवर याकच्या पाठीवर बसून फोटो, नथुलाला तारेपलीकडचा चीन, मंदिरात हात जोडून प्रसाद आणि संध्याकाळी परत मोमो. आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हायेस्ट आरओआय असलेला दिवस!

आम्ही चौघंही ऑक्टोबरात याच हिशेबानं गेलो होतो. दोन मैत्रिणी, आमचा टीम लीड आणि मी. सगळे हिंजवडीतल्या एकाच मजल्यावरचे. बर्फ बघायचा, लॅपटॉप उघडायचा नाही, एवढाच अजेंडा. पण या दिवसात मला एक असा माणूस भेटला, ज्याला मरणानंतर प्रमोशन मिळालं, पगार मिळाला, वार्षिक रजा मिळाली आणि शेवटी रीतसर रिटायरमेंटही! त्याची गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. म्हणून तुम्हाला सांगायची आहे.

ऐकणाऱ्या कानांची खिंड

गंगटोक साधारण साडेपाच हजार फुटांवर आणि नथुला 14,140 फुटांवर. अंतर म्हणाल तर जेमतेम 55 किलोमीटर. म्हणजे आपल्याकडे पुण्याहून लोणावळ्याला जाण्यापेक्षाही कमी. पण एवढ्यातच तुम्ही साडेआठ हजार फूट वर चढता. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे जिममध्ये ट्रेडमिलवर पाच किलोमीटर पळणारा आमचा टीम लीड नथुलाच्या पायऱ्यांवर दहाव्या पायरीला रेलिंग धरून ‘व्ह्यू बघत’ उभा राहिला. आम्हीही त्याच्याबरोबर बराच वेळ व्ह्यू बघितला!

आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला आम्ही ‘दाजू’ म्हणायचो. नेपाळीत दाजू म्हणजे दादा. दाजूंनी निघतानाच पॉपकॉर्नची पाकिटं घ्यायला लावली. पॉपकॉर्न चघळत राहिलं की दम लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. विज्ञान काय म्हणतं ते सोडा, पण तोंड चालू राहिल्यामुळे आमची बडबड कमी झाली हे खरं.

छांगू लेक 12,310 फुटांवर. तिथल्या स्थानिक भाषेत सोम्गो. पूर्वी लामा म्हणे या पाण्याचा रंग बघून वर्ष कसं जाणार ते सांगायचे. आम्ही गेलो तेव्हा पाणी काळपट निळं होतं. अप्रेझलचं काय होणार, हे विचारायला लामा मात्र कुणी दिसले नाहीत.

आणि नथुला? ‘ला’ म्हणजे खिंड. नावाचा अर्थ सांगतात तो ‘ऐकणाऱ्या कानांची खिंड’. कान कशासाठी टवकारले असतील, ते वर गेल्यावर कळतं. तारेचं कुंपण, अलीकडे आपले जवान, पलीकडे हाकेच्या अंतरावर त्यांचे. फोटो काढायला मनाई. एके काळी इथून लोकरीचे आणि मिठाचे तांडे ल्हासाच्या वाटेनं जायचे. 1958 मध्ये पंडित नेहरू इंदिरा गांधींना घेऊन याच खिंडीतून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरले आणि तिथून भूतानला गेले. गंगटोकहून वर येणाऱ्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. 1962 च्या युद्धानंतर व्यापार बंद पडला तो थेट 6 जुलै 2006 रोजी सुरू झाला आणि 2020 मध्ये पुन्हा थांबला. कैलास-मानसरोवरचे यात्रेकरू मात्र 2025 च्या उन्हाळ्यापासून परत या वाटेनं जाऊ लागले आहेत.

युद्ध, जे शाळेत शिकवलं नाही

1962 आपल्याला पाठ असतं. 1965 आणि 1971 पण. पण 1967? मला तरी ते ‘पलटन’ नावाचा सिनेमा 2018 मध्ये आला तेव्हा कळलं. तोही मी अर्धाच बघितला होता.

झालं असं. 1965 मध्ये पाकिस्तानशी युद्ध चालू असताना चीननं इशारा दिला, की सिक्कीमच्या सीमेवरच्या चौक्या हलवा. त्या वेळी सिक्कीम भारताचं राज्यही नव्हतं. ते झालं 1975 मध्ये. तोवर ते भारताच्या संरक्षणाखालचं संस्थान होतं. शेजारची जेलेप ला ही खिंड सोडली गेली आणि चिन्यांनी ती लगेच व्यापली. नथुला मात्र मेजर जनरल सगत सिंग यांनी सोडली नाही. दोन वर्षांनी सीमेवर तारेचं कुंपण घालायचं ठरलं. 11 सप्टेंबर 1967 च्या सकाळी जवान तार ओढत असतानाच पलीकडून मशीनगन सुरू झाल्या. उघड्या डोंगरावर, आडोसा नाही, हातात बंदुकीऐवजी खांब आणि तार. पहिल्या काही मिनिटांतच कितीतरी जण गेले. मग आपल्या तोफा बोलू लागल्या आणि 14 तारखेपर्यंत बोलत राहिल्या. 1 ऑक्टोबरला पुन्हा चो ला या खिंडीत चकमक झाली. दोन्ही ठिकाणी मिळून आपले 88 जवान गेले. पण नथुला राहिली.

त्यात 18 राजपूतचे एक मेजर होते. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांचं नाव मेजर हरभजन सिंग.

हे नाव लक्षात ठेवा. कारण इथून पंधरावीस मिनिटांवर जे मंदिर आहे ना, तेही हरभजन सिंगांचंच. पण हे हरभजन सिंग वेगळे!

साधा शिपाई, खेचरं आणि ओढा

खरं सांगू? ‘बाबा मंदिर’ ऐकूनच माझ्या कपाळाला आठी पडली होती. आमच्या घरात देवघर लहान आणि पुस्तकांचं कपाट मोठं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ‘बाबा’ शब्द ऐकला की हात आपोआप पाकिटाकडे जातो. त्यातून गाडीत दाजूंनी सुरुवातच अशी केली, ‘बाबा रात को घूमते हैं, घोडे पे.’ आमचा टीम लीड खुसूखुसू हसला. दाजूंनी आरशातून त्याच्याकडे बघितलं, पण बोलले काही नाहीत.

तर हे दुसरे हरभजन सिंग. जन्म 1946. पंजाबातल्या कपूरथळा जिल्ह्यातलं कूका हे त्यांचं गाव. 1966 मध्ये पंजाब रेजिमेंटमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. 1968 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला सिक्कीम आणि उत्तर बंगालमध्ये तुफान पाऊस झाला. तिस्ता नदीला महापूर आला, खाली जलपायगुडी शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवसांत, 4 ऑक्टोबरला, हा बावीस वर्षांचा पोरगा दूरच्या चौकीवर सामान पोचवणाऱ्या खेचरांच्या तांड्याबरोबर निघाला होता. पाय घसरला, ओढ्यात पडला, वाहून गेला. तीन दिवसांनी मृतदेह सापडला.

बस. इथपर्यंतचा इतिहास एवढाच. ना गोळी, ना शत्रू, ना महावीर चक्र. आपल्या भाषेत सांगायचं तर सप्लाय चेनमधला एक ज्युनिअर कर्मचारी कामावर असताना अपघातात गेला.

पुढची गोष्ट सुरू होते ती स्वप्नापासून. सांगतात, की ते एका सहकाऱ्याच्या स्वप्नात आले, आपण कुठे पडलो आहोत ते दाखवलं आणि तिथे समाधी बांधा म्हणाले. समाधी झाली. मग रात्री गस्त घालणारा एकटा स्वार दिसू लागला. पलीकडून काही हालचाल होणार असेल तर बाबा तीन दिवस आधी सूचना देतात, अशी श्रद्धा रुजली. दोन्ही सैन्यांच्या बैठकीत त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवतात, असंही सांगतात. मंदिरात त्यांची खोली आहे. पलंग, अंथरूण, इस्त्री केलेला गणवेश, पॉलिश केलेले बूट. रोज अंथरूण घातलं जातं. सकाळी चादर चुरगळलेली असते आणि बुटांना चिखल असतो, असं म्हणतात. भाविक पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात आणि काही दिवसांनी तेच पाणी आजारी माणसासाठी घरी नेतात.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती त्यांची रजा! दर वर्षी सप्टेंबरात त्यांचं सामान जीपमधून न्यू जलपायगुडी स्टेशनला जायचं. रेल्वेत त्यांच्या नावाचा बर्थ रिकामा सोडलेला असायचा. सोबत जवान. सामान गावी पोचवायचं आणि रजा संपली की परत आणायचं. घरी आईला पैसे जायचे. बढती होत होत ते मानद कॅप्टन झाले. पुढे रजेची ही प्रथा बंद झाली आणि बाबा निवृत्त झाले.

आणि या सगळ्यात एक बारीकसा तपशील. बाबा रजेवर असले, की त्या काळात सीमेवर पहारा जास्त कडक असायचा. का? तर बाबा नाहीत ना, मग आपल्यालाच जास्त जागं राहायला हवं!

हे ऐकून आमचा टीम लीड पहिल्यांदा गप्प झाला. मग म्हणाला, ‘हा तर परफेक्ट बॅकअप प्लॅन आहे यार.’

‘कुठल्या तुम्ही?’

मंदिराबाहेर आम्ही मराठीत कचाकचा भांडत होतो. विषय अर्थातच श्रद्धा की अंधश्रद्धा. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘पुण्याच्या काय?’

वळून बघितलं तर एक जवान. कोल्हापूरकडचा. तीनेक आठवड्यांपूर्वीच घरी मुलगी झाली होती, अजून बघितलेली नव्हती. फोनवरचा फोटो त्यानं आम्हाला आधी दाखवला आणि मग नाव-गाव विचारलं. आमच्या मैत्रिणीनं सरळच विचारून टाकलं, ‘दादा, खरंच येतात का हो बाबा?’

तो हसला. म्हणाला, ‘ताई, खरं का खोटं ते तुम्ही खाली जाऊन ठरवा. हितं रात्री दोनला धुक्यात हुबं राहिलं की आपला हात आपल्याला दिसत नाही. तवा आपल्याबरोबर अजून एक जण जागा हाय, एवढं वाटलं तरी रात निघून जाती.’

एवढं बोलून तो निघाला. ड्युटी होती.

मी तिथेच उभी राहिले. वरून धुकं उतरत होतं आणि दहा मिनिटांपूर्वी दिसणारा डोंगर गायब झाला होता. या उंचीवर गोळीइतकाच, किंबहुना जास्त, डोंगराचा धोका असतो. 4 एप्रिल 2023 रोजी याच गंगटोक-नथुला रस्त्यावर हिमस्खलन झालं आणि 7 पर्यटक गेले. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला उत्तर सिक्कीममधलं ल्होनाक सरोवर फुटलं, तिस्तेला लोंढा आला. बेपत्ता झालेल्यांत जवानही होते. तारीख बघितलीत? हरभजन सिंग गेले तीच. बरोबर 55 वर्षांनी. यात मला चमत्कार दिसत नाही. ऑक्टोबरात इथे पाऊस अजून पुरता गेलेला नसतो आणि डोंगर भिजलेले असतात, एवढंच. पण अशा ठिकाणी ज्यांना दोन-दोन वर्षं राहायचं आहे, त्यांना कुणीतरी सांभाळणारं लागतं. सियाचीनला ‘ओपी बाबा’ आहेत. वर चौकीवर जाण्याआधी जवान त्यांच्यापुढे हजेरी देतात. अरुणाचलात तवांगच्या वाटेवर जसवंतगढ आहे. 1962 मध्ये लढताना गेलेल्या जसवंत सिंग रावत यांचं तिथे अजून अंथरूण घातलं जातं.

आमच्या मजल्यावरची गोष्ट

आता जरा ऑफिसात येऊ या. कारण गाडीत परतताना आम्ही चौघंही ज्याच्याबद्दल बोललो, तो तिथलाच.

आमच्या टीममध्ये एक जण होता. नाव लिहीत नाही. उंच, किडकिडीत, रिलीजच्या रात्री सगळ्यांसाठी वडापाव आणणारा. गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रात्री उशिरा घरी जाताना त्याची बाइक घसरली. सोमवारी सकाळी एचआरचा मेल आला, चार ओळींचा. मंगळवारी त्याची खुर्ची दुसऱ्या टीमनं नेली, कारण ती चांगली होती. बुधवारी त्याचं काम आमच्यात वाटलं गेलं. प्रत्येक कामापुढे त्याचं नाव खोडून आमची नावं आली. गुरुवारी त्याचा लॉगिन बंद झाला आणि चॅटमधला फोटो जाऊन तिथे राखाडी गोळा उरला. शुक्रवारी रिलीज होता. तो वेळेत झाला. क्लायंटनं ‘ग्रेट जॉब’ लिहून पाठवलं.

यात कुणी दुष्ट नव्हतं. सगळं नियमाप्रमाणे झालं. सिक्युरिटी पॉलिसीच तशी असते. पण पाच दिवसांत एक माणूस इतका स्वच्छ पुसला जातो, हे मी पहिल्यांदा बघितलं होतं. रडायलाही जागा नव्हती, कारण मीटिंग रूम बुक असायच्या.

फक्त एक गोष्ट राहिली. पॅन्ट्रीतला त्याचा मग. निळा, कान तुटलेला. दर सोमवारी तो कपाटात धुऊन पालथा ठेवलेला असतो. आम्हाला वाटायचं चुकून होत असेल. एकदा मी हाउसकीपिंगच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘त्या उंच पोराचा हाय न्हवं? धूळ बसती त्याच्यावर.’

बस, एवढंच कारण. धूळ बसते!

त्या दिवशी बाबांचे पॉलिश केलेले बूट बघितले आणि मला तो मग आठवला. सव्वाशे माणसांच्या मजल्यावर जे कुणाला सुचलं नाही, ते मावशींना सुचलं. आणि पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी एका ओढ्यात वाहून गेलेल्या शिपायाच्या सोबत्यांना सुचलं. पहिल्या हरभजन सिंगांना देशानं लक्षात ठेवलं. पदक दिलं, नाव कोरलं. दुसऱ्याला लक्षात ठेवायला देशाकडे कारणच नव्हतं. खेचरं घेऊन निघालेला पोरगा! तर त्याच्या सोबत्यांनी त्याला हजेरीपटावरून काढायलाच नकार दिला. त्याच्यासाठी बर्थ ठेवला, त्याच्या आईला पैसे पाठवले, त्याची रजा मोजली. दंतकथा घोड्यावरून फिरणाऱ्या स्वाराची आहे. मला मात्र भावला तो रोज सकाळी उठून त्या बुटांना ब्रश मारणारा माणूस. त्याचं नाव कुठल्याही गाइडबुकात नाही.

बाबा रात्री खरंच येतात का? माझं उत्तर अजूनही ‘नाही’च आहे. पण त्या खोलीसमोर मी हात जोडले. का, ते आमच्या टीम लीडनं विचारलं नाही, कारण तोही तेच करत होता.

जाणार असाल तर...

परमिट नोंदणीकृत ट्रॅव्हल एजंटमार्फतच मिळतं, भारतीय नागरिकांनाच नथुलाला जाता येतं आणि आठवड्यातले काही दिवस ती बंद असते. तेव्हा गंगटोकला पोचल्या पोचल्या चौकशी करा. वर जाण्याआधी गंगटोकला निदान एक-दोन रात्री काढा. पायऱ्यांवर पळू नका, इगो गाडीतच ठेवा. डोकं जड झालं, मळमळलं तर हीरोगिरी न करता खाली उतरा. भरपूर पाणी प्या. आणि पॉपकॉर्न घ्याच, दाजूंना बरं वाटतं!

अजून एक. नथुलाला युद्धस्मारक आहे. बहुतेक जण तिथून झपाझप पुढे जातात, कारण सगळ्यांना चीन बघायचा असतो. तुम्ही दोन मिनिटं थांबा. ज्यांच्या हातात तार होती आणि ज्यांच्या हातात खेचराचा लगाम होता, त्या दोघांचीही आठवण काढा. घाई कसली? तिथे मोबाइलला रेंज शोधण्यात आम्ही घालवला त्यापेक्षा कमीच वेळ लागेल.